होळीपासून रथापर्यंत : नाशिकच्या मिरवणुकांसाठी घर, गल्ली आणि स्वतःची तयारी कशी करावी

फाल्गुन पौर्णिमेला होळी पेटते आणि चैत्र शुद्ध एकादशीला काळारामाचा रथ निघतो. होळीनंतरच्या सव्वीस तिथींत जुन्या नाशकात आणि पंचवटीत वीर नाचतात, रहाडी म्हणजे रंगाचे जमिनीखालचे हौद उघडतात, स्वागतयात्रा निघते आणि शेवटी दोन रथ रस्त्यावर येतात. यांपैकी एकही गोष्ट मांडवात मांडून ठेवलेली नसते; एक तर ती आपल्या दारावरून जाते, नाही तर आपण तिच्यामागे जातो. त्यामुळे येथील सजावटीचा विचार गणपतीच्या आराशीसारखा करून चालत नाही. आराशीचे काम पाहणाऱ्याला खिळवून ठेवण्याचे असते, तर मिरवणुकीच्या रस्त्यावरच्या सजावटीने जाणाऱ्याला वाट द्यायची असते. तोरण किती उंच बांधावे, रांगोळी कोठे काढावी, फुले कोणती घ्यावीत आणि अंगावर काय घालावे, हे सारे या एकाच गोष्टीवरून ठरते.

आधी वाट पाहून घ्यावी

आपल्या गल्लीतून नेमके काय जाणार आहे, किती वाजता जाणार आहे आणि कोणत्या बाजूने येणार आहे, हे बाजारात जाण्यापूर्वी जवळच्या मंडळाकडून किंवा तालमीतून विचारून घ्यावे. वाहतुकीतील बदलांची सूचना पोलीस आदल्या दिवशीच्या वर्तमानपत्रांतून देतात. तिच्यात मार्गाचाही उल्लेख असतो. मग एकदा मोजपट्टी घेऊन स्वतः गल्लीतून चालावे. जुन्या वाड्यांचे सज्जे, दुकानांच्या पाट्या, केबलची लोंबणारी भेंडोळी आणि विजेच्या तारा, या चार गोष्टींची उंची टिपून ठेवली की रस्त्यावर आडवी बांधायची तोरणे आणि पताका कोठे शक्य आहेत आणि कोठे नाहीत, हे कागदावरच स्पष्ट होते. विजेच्या खांबाला काहीही बांधू नये. पताका ओवण्यासाठी लोखंडी तार वापरण्याचा मोह होतो, कारण ती ताठ राहते. तरीही सुतळीच वापरावी. मिरवणुकीतील उंच ध्वज पताकांत अडकला तर सुतळी तुटते आणि मिरवणूक पुढे सरकते, तार मात्र तुटत नाही, ती ध्वज धरणाऱ्याला खाली खेचते. या कामात तुटणारी दोरीच चांगली.

धुळवड : दारात येणारे वीर

इतर गावांत धुळवडीला रंग खेळतात, नाशकात मात्र रंग पंचमीसाठी राखलेला असतो आणि धुळवडीचा दिवस वीरांचा असतो. घरातील पूर्वजांचे टाक खोबऱ्याच्या वाटीत, लाल कापडात गुंडाळून वाजतगाजत गोदावरीवर नेले जातात, तेथे त्यांना स्नान घातले जाते आणि हे टाक हाती घेतलेले वीर होळीभोवती नाचवले जातात. राम, कृष्ण, खंडोबा, शिवाजी महाराज अशी सोंगे घेतलेली लहान मुले या मिरवणुकीत सर्वांत पुढे असतात. दाजिबा वीर, ज्याला बाशिंगे वीर असेही म्हणतात, तो याच दिवशी निघतो. अंगाला हळद लागलेली असतानाच प्राण गमावलेल्या नवरदेवाची कथा त्याच्याशी जोडलेली असल्यामुळे त्याच्या डोक्यावर बाशिंग असते आणि लग्न जुळावे म्हणून त्याला नवस बोलले जातात.

या दिवशी घराला वेगळ्या सजावटीची गरज नसते. उंबऱ्याबाहेर सडा घालून लहान रांगोळी काढावी आणि औक्षणाचे ताट दुपारपासूनच तयार ठेवावे. ताटात हळद-कुंकू, अक्षता, सुपारी, निरांजन आणि आगपेटी असावी, शिवाय पाय धुण्यासाठी पाण्याचा तांब्या आणि पाट वेगळा काढून ठेवावा. वीर दारात आल्यावर आत आगपेटी शोधत बसण्याची वेळ येऊ नये, कारण मागून दुसऱ्या घरचा वीर आलेला असतो आणि वाजंत्री थांबत नाही. मुलाला वीर करायचे असेल, तर धोतर आधी शिवून घ्यावे किंवा कमरेला नाडीने पक्के बांधावे. बाजारातील चकाकणारा मुकुट दिसतो छान, पण तो उन्हात कपाळाला टोचतो, म्हणून त्याच्या आतून सुती कापडाची पट्टी शिवून टाकावी. मुलाने टाक दोन्ही हातांत धरायचा असल्यामुळे तलवार किंवा गदा त्याच्या हाती न देता सोबतच्या मोठ्या माणसाकडे ठेवावी.

रंगपंचमी : रंग घरी करावा, रहाडीत जपून उतरावे

नाशिकच्या रंगपंचमीची खरी ओळख म्हणजे रहाड. पेशवेकाळापासून चालत आलेले हे दगडी बांधणीचे, जमिनीखालचे हौद वर्षभर लाकडी ओंडके आणि माती यांनी झाकलेले असतात. वर्षातील उरलेले दिवस त्यांच्यावरून वाहने जातात आणि नवख्या माणसाला खाली काही आहे याचा पत्ताही लागत नाही. पंचमी जवळ आली की माती उकरून ओंडके काढतात, हौद धुऊन पाण्याने भरतात आणि मोठ्या कढईत पानाफुलांपासून उकळलेला रंग त्यात ओततात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला असतो. पंचवटीतील शनि चौकातील रहाड गुलाबी रंगाची, तर तिवंधा चौकातील पिवळ्या रंगाची. दुपारी मानकऱ्यांच्या हस्ते पूजा होते आणि त्यानंतर रहाड सर्वांसाठी खुली होते. हौदात अंग आखडून अशी उडी घ्यायची की पाणी उसळून काठावरच्या लोकांवर पडावे. तिला नाशिककर धप्पा म्हणतात.

धप्पा मारायचा असेल, तर काही गोष्टी आदल्या दिवशीच ठरवाव्यात. रहाड पुरुषभर उंचीपेक्षा खोल असते आणि रंगीत पाण्याचा तळ दिसत नाही, म्हणून पोहता येत नसल्यास काठावर उभे राहून भिजण्यातच समाधान मानावे. तेथेही कोरडे कोणी राहत नाही. उडी नेहमी पायांवर घ्यावी, डोके खाली करून सूर कधीही मारू नये आणि आधी उडी घेतलेला माणूस बाजूला झाल्याची खात्री केल्याशिवाय पुढे सरकू नये. चष्मा, कॉन्टॅक्ट लेन्स, अंगठ्या, गळ्यातील साखळी आणि मोबाइल घरीच ठेवावा. अंगाला आणि केसांना खोबरेल तेल सकाळी लावावे, मात्र तळपायांना अजिबात लावू नये, कारण काठावरचे ओले दगड आधीच निसरडे असतात. महिलांसाठी वेगळी वेळ राखली आहे का, हे मंडळाकडे आदल्या दिवशी विचारलेले बरे. रहाडीचा रंग दोन-तीन दिवस तरी अंगावरून जात नाही, ही गोष्ट दुसऱ्या दिवशी मुलाखतीला किंवा साखरपुड्याला जायचे असणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी.

अलीकडे चौकाचौकांत उंच पाइपांवर फवारे लावून, मोठ्या आवाजात गाणी वाजवून रंग खेळण्याची पद्धत वाढली आहे. गर्दी तेथेही होते. परंतु जी गोष्ट कोणत्याही शहरात भाड्याने आणता येते, तिच्यासाठी रहाडीकडे पाठ फिरवावी, असे मला वाटत नाही.

घरी खेळण्यासाठी रंग स्वतः करणे मुळीच अवघड नाही. पेठ आणि सुरगाण्याच्या बाजूच्या रानात या दिवसांत पळस फुललेला असतो, आणि वाळवलेली पळसाची फुले काष्ठौषधींच्या दुकानात मिळतात. पाव किलो वाळकी फुले पाच लिटर कढत पाण्यात रात्रभर भिजत घालावीत, सकाळी त्याच पाण्यात अर्धा तास उकळावीत आणि पाणी निवल्यावर दुहेरी सुती कापडातून गाळून घ्यावे. गाळण्याचा कंटाळा केला, तर पाकळ्यांचे तंतू पिचकारीच्या तोंडात अडकतात आणि मुलांची निम्मी दुपार पिचकारी उघडण्यात जाते. मिळणारा रंग पिवळसर केशरी असतो. चिमूटभर चुना घातल्यास तो गडद होतो, पण चुन्याने डोळे आणि त्वचा चुरचुरते, म्हणून लहान मुले खेळणार असतील तर चुना टाळावा. गुलाबी रंगासाठी बीट किसून पाण्यात उकळावे. कोरड्या पिवळ्या रंगासाठी एक भाग हळद आणि चार भाग बेसन एकत्र करून चाळून घ्यावे. हळदीचा डाग कपड्यावर पडला की साबण लागताक्षणी तो लालभडक होतो आणि धुणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. साबण निघून जाईपर्यंत कपडा खळबळून भर उन्हात वाळत घातला की एक-दोन दिवसांत डाग फिका पडतो.

रंगपंचमीला दारावर कापडी तोरणे किंवा आकाशकंदील लावून ठेवणे व्यर्थ आहे. दाराच्या पितळी कड्या आणि लाकडी कोरीवकाम मात्र जुन्या साडीने झाकून घ्यावे. जुन्या सागवानात शिरलेला गुलाबी रंग निघत नाही.

पाडवा : गुढी, तोरण आणि रांगोळी

सजावटीचा खरा दिवस पाडवा. त्या आधीच्या दिवसांत गोदाघाटावरील पाडवा पटांगणात ढोलांचे महावादन आणि महारांगोळी असे कार्यक्रम होतात, आणि पाडव्याला पहाटेपासून फेटे बांधलेले स्त्री-पुरुष स्वागतयात्रेसाठी निघतात. म्हणून घरातील गुढी यात्रेपूर्वी, सूर्योदयाच्या सुमारास उभी राहिली पाहिजे, आणि त्यासाठी सर्व साहित्य आदल्या रात्री एका जागी काढून ठेवावे.

गुढीसाठी सरळ वेळूची काठी घ्यावी, ती धुऊन पुसून तिला हळद-कुंकू लावावे. साडी किंवा खण निऱ्या घालून काठीच्या टोकाशी बांधायचा असतो, आणि बहुतेकांची गुढी येथेच बिघडते. निऱ्या आधी जमिनीवर पाटावर घालून वरच्या टोकाशी सुतळीने आवळाव्यात, काठ समोर येतील असे वळवावेत आणि मगच तो जुडगा काठीला बांधावा. काठी उभी धरून निऱ्या घालायला गेल्यास एक हात नेहमी कमी पडतो. त्याच गाठीवर कडुनिंबाचा डहाळा, आंब्याची पाने, फुलांचा हार आणि साखरेची गाठी बांधावी आणि वर तांब्याचा किंवा चांदीचा कलश पालथा घालावा. कलश सैल बसत असेल, तर काठीच्या टोकाला कापडाची पट्टी गुंडाळून तो घट्ट करावा. गच्चीवर किंवा गॅलरीत गुढी उभारताना ती कठड्याला वर आणि खाली अशी दोन ठिकाणी बांधावी. एकाच ठिकाणी बांधलेली गुढी दुपारच्या वाऱ्यात गरगर फिरते आणि कलश खाली चाललेल्या माणसाच्या डोक्यावर येऊ शकतो. गच्चीजवळून विजेच्या तारा जात असतील, तर काठी आखूडच घ्यावी.

तोरणाला मात्र वेळ द्यावा. चार फूट रुंदीच्या दारासाठी तीस-पस्तीस झेंडूची फुले आणि दहा-बारा आंब्याची पाने लागतात, म्हणजे अर्धा किलो झेंडू पुरतो. फुले घेताना पूर्ण उमललेली, भरदार फुले डोळ्यांत भरतात, पण ती दुपारपर्यंत पाकळ्या गाळू लागतात. मधला भाग अजून घट्ट मिटलेला आहे अशी फुले निवडावीत. दाभणात जाड सुती दोरा दुहेरी ओवून फुलाच्या तळाशी असलेल्या हिरव्या वाटीतून आडवा काढावा, पाकळ्यांतून नव्हे, म्हणजे फूल दोऱ्यावर फिरत नाही आणि त्याचे तोंड समोर राहते. दर तीन फुलांनंतर एक पान घ्यावे. पानाचा देठाकडील भाग दोऱ्यावरून मागे दुमडून खराट्याच्या हिराच्या लहानशा तुकड्याने टोचून टाकला की गाठ मारण्याची गरज राहत नाही. चैत्रात आंब्याला तांबूस कोवळी पालवी आलेली असते आणि ती तोडण्याचा मोह होतो. परंतु ती पाने तासाभरात माना टाकतात. गर्द हिरवी, जून पानेच घ्यावीत, ती ओल्या फडक्याने पुसून तासभर पाण्यात ठेवावीत आणि तोरण रात्री करून ठेवायचे असल्यास ओल्या पंचात गुंडाळून ठेवावे. फ्रिजमध्ये ठेवलेला झेंडू सकाळी टवटवीत दिसतो खरा, पण बाहेरच्या उन्हात लवकर काळवंडतो.

रांगोळीचा प्रश्न फ्लॅटमध्ये वेगळा आणि गल्लीत वेगळा असतो. फरशीवर रांगोळी उठून दिसावी म्हणून गेरू कालवून त्याचा पातळ हात द्यावा आणि तो पूर्ण वाळल्यावरच रांगोळी सोडावी. डांबरी रस्त्यावर गेरूची आवश्यकता नसते, कारण काळ्या पृष्ठभागावर पांढरी रेघ तशीच ठळक दिसते. तेथे फक्त खराट्याने बारीक खडी झाडून काढावी, नाहीतर रेघ तुटते. पाच बोटांतून एकाच वेळी रेघा सोडण्याची संस्कारभारतीची पद्धत रस्त्यासाठी सर्वांत सोयीची आहे, कारण गोपद्म, शंख, सर्परेषा अशा मोजक्या आकृत्यांच्या आवर्तनातून मोठी जागा लवकर भरते. रंगीत रांगोळी विकत घेतली, तर ती पांढऱ्या रांगोळीत थोडी मिसळून वापरावी. निव्वळ रंग चिकट असतो आणि बोटांतून नीट सुटत नाही. यात्रा जाणार असेल, तर रांगोळी रस्त्याच्या दोन्ही कडांना काढावी आणि मधला पट्टा मोकळा ठेवावा. रस्ताभर काढलेली रांगोळी ढोलपथकाच्या पायांखाली दोन मिनिटांत नाहीशी होते, आणि मग जिने ती पहाटे चारपासून काढली तिचा चेहरा पाहवत नाही.

गुढी सूर्यास्तापूर्वी हळद-कुंकू वाहून उतरवावी.

एकादशी : रथासाठी रस्ता

रामनवमीनंतर दोन दिवसांनी, कामदा एकादशीच्या दिवशी, काळाराम मंदिरापासून राम रथ आणि गरुड रथ निघतात. गरुड रथ पुढे असतो आणि तो गोदावरी ओलांडून शहरात जातो; राम रथ नदी ओलांडत नाही, तो पंचवटीतच थांबतो. रथ दोरांनी ओढले जातात आणि पूजेचे मानकरी बुवा राम रथाकडे तोंड करून, म्हणजे उलटे पावले टाकत, संपूर्ण मार्ग चालतात. त्यांना पाठीमागचे दिसत नाही. रथमार्गावर घर किंवा दुकान असणाऱ्याने सजावटीचा विचार या एका चित्रापासून सुरू करावा.

रस्त्यावर सडा दुपारी लवकर घालावा, म्हणजे संध्याकाळपर्यंत डांबर सुकते. रथ ओढणाऱ्यांपैकी अनेकजण अनवाणी असतात, म्हणून रस्त्याच्या मधोमध अखंड फुलांच्या पायघड्या घालू नयेत. चिरडलेला झेंडू ओल्या साबणासारखा निसरडा होतो. पायघड्या घालायच्याच असतील, तर त्या पांढऱ्या कापडाच्या घालाव्यात, त्यांची टोके चार माणसांनी धरावीत आणि बुवा पुढे सरकताच त्या उचलाव्यात. रांगोळी कडेला, पातळ काढावी. रांगोळीवर तेलाचे दिवे किंवा पणत्या मांडू नयेत; त्यांची जागा ओट्यावर किंवा खिडकीत आहे.

सज्जातून पुष्पवृष्टी करायची असल्यास फक्त सुट्या पाकळ्या वापराव्यात. दिंडोरी तालुक्यात गुलाबाची शेती असल्यामुळे या दिवसांत पाकळ्यांसाठी स्वस्त, सुटी फुले मिळणे अवघड नसते. मोगलांनी ज्या गावाला गुलशनाबाद म्हटले त्या गावाने निदान एवढा खर्च करावा. पाकळ्या रथ येण्याच्या तासभर आधी सोडवाव्यात, कारण दुपारपासून टोपलीत दाबून ठेवलेल्या पाकळ्यांचा गोळा होतो आणि तो तसाच खाली पडतो. अख्खी फुले, नाणी किंवा प्रसादाच्या पुड्या वरून टाकू नयेत. जुन्या वाड्यांच्या लाकडी सज्जात एका वेळी किती माणसे उभी राहू शकतील, हे घरातील वडीलधाऱ्यांनी आधी ठरवावे आणि पाहुण्यांचा राग पत्करूनही ते पाळावे, कारण त्या तुळयांचे वय कोणालाच नीट ठाऊक नसते. ध्वनिक्षेपक लावला असल्यास तो रात्री दहाला बंद करावा लागतो. रथ जवळ आल्यावर तर तो त्याआधीच बंद केलेला चांगला, म्हणजे रामनामाचा गजर ऐकू येतो.

दोन्ही रथ शेवटी रामकुंडावर येतात, तेथे उत्सवमूर्तींना अवभृथस्नान, म्हणजे उत्सवाच्या सांगतेचे स्नान, घातले जाते आणि परत फिरायला बरीच रात्र होते. तेव्हा सजावट त्याच रात्री उतरवण्याच्या भानगडीत पडू नये. पण सकाळी पहिले काम रस्त्यावर आडव्या बांधलेल्या सुतळ्या काढण्याचे असावे, कारण सैल होऊन मानेच्या उंचीवर आलेली दोरी दुचाकीस्वाराला दिसत नाही. पताका कापडी असतील, तर धुऊन, वाळवून आणि कडुनिंबाची पाने घालून ठेवल्यास पुढील वर्षीही चालतात. तोरणातील दोरा आणि हीर वेगळे करून फुले-पाने निर्माल्य कलशात किंवा घरच्या खतात घालावीत, गोदावरीत नव्हे. वेळूची काठी भिंतीला तिरकी टेकवून ठेवल्यास पावसाळ्यात वाकते. ती माळ्यावर आडवी ठेवावी.